पऱ्हाटीची पीएच.डी.

कापसाची शेवटची वेचणी आटोपून माघ सरला आणि फाल्गुनाचे ऊन पाठीला जाणवू लागले, की वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरच्या काळ्या शिवारात जी काटकुळी, करड्या रंगाची, फुटलेल्या बोंडांची टरफले अंगावर वागवणारी झाडे ओळीने उभी दिसतात, त्यांस पऱ्हाटी असे म्हणतात; आणि जोवर तिच्या अंगावर कापूस आहे तोवर सावकारापासून सरकारापर्यंत सर्वांची दृष्टी तिच्याकडे लागलेली असली, तरी कापूस एकदा उतरून हिंगणघाटच्या बाजारात गेला, म्हणजे तिची वास्तपुस्त करणारा प्राणी शेळीखेरीज दुसरा उरत नाही. या मुलखातील कापसाची कीर्ती लहानसहान नव्हे. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे नाव लिव्हरपूलच्या दलालांच्या तोंडी एका नामांकित कापसाचे नाव म्हणून खेळत असे, आणि या कापसाच्या देखरेखीसाठी इंग्रज सरकारने मध्यप्रांत व वऱ्हाड यांकरिता एक स्वतंत्र कॉटन कमिशनर नेमला होता. पऱ्हाटी कमिशनर मात्र कोणत्याही राजवटीने नेमल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पऱ्हाटीच्या नशिबी परंपरेने तीन गती लिहिलेल्या आहेत. पहिली चुलीत जाण्याची, आणि घरोघर सिलिंडर आल्यापासून तीही पूर्वीइतकी खात्रीची राहिलेली नाही. दुसरी कुंपणात किंवा कुडात खोचली जाण्याची. आणि तिसरी, धुऱ्यावर ढीग होऊन आगपेटीच्या एका काडीने भस्मसात होण्याची. शेतात उभी ठेवावी, तर गुलाबी बोंडअळी पुढल्या हंगामाच्या आशेने तिच्यात मुक्काम ठोकते, म्हणून ‘फरदड (म्हणजे हंगाम लांबवून घेतलेले कापसाचे वाढीव पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर काढा’ असे कृषिखाते बजावीत असते. आणि काढून जाळावी, तर ‘जाळू नका, जमिनीत मिळवा’ असेही तेच खाते बजावीत असते. या दोन फर्मानांच्या कात्रीत सापडलेल्या पऱ्हाटीला अलीकडे एक चौथी गती प्राप्त झाली आहे, आणि ती म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधात जाण्याची.

आमच्या परिचयातील एका शेतकरी कुटुंबाचे चिरंजीव, यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी आणि तिच्या पाठोपाठ पदव्युत्तर पदवी संपादून, नोकरी मिळेपर्यंत रिकामे बसू नये म्हणून आणि मिळालीच तर ती टिकावी म्हणून, अशा दुहेरी दूरदृष्टीने विद्यावाचस्पती होण्यास निघाले. त्यांच्या विषयाचे नाव ‘अभियांत्रिकी उपयोजनांकरिता पऱ्हाटीच्या तंतूंनी प्रबलित शाश्वत संमिश्र पदार्थाची निर्मिती, गुणधर्ममापन आणि इष्टतमीकरण’ असे असून, अर्जातील ‘विषय’ या रकान्यात ते मावेना म्हणून सोबत स्वतंत्र पुरवणी जोडावी लागली. संमिश्र पदार्थ म्हणजे काही गूढ वस्तू नव्हे. ताण सोसणारे तंतू आणि त्या तंतूंना धरून ठेवणारा चिकट माध्यमपदार्थ यांच्या संयोगाने जे उत्पन्न होते ते संमिश्र. काचेचे तंतू व राळ मिळून फायबर ग्लास होते, कार्बनचे तंतू व राळ मिळून विमानाचे पंख होतात, आणि पऱ्हाटीच्या सालीचा वाख व राळ मिळून प्रबंध होतो.

पऱ्हाटीच का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे, आणि तो संशोधन मान्यता समितीच्याही मनात आला होता. याचे खरे उत्तर असे, की ताग, घायपात, केळ, काथ्या इत्यादी मातब्बर तंतूंच्या जहागिरी पूर्वसूरींनी केव्हाच वाटून घेतल्या असून, तदनंतर आलेल्या उमेदवारांनी भेंडीच्या खोडापासून कोंबडीच्या पिसापर्यंत एकही वस्तू शिल्लक न ठेवल्यामुळे, नव्या माणसास एखादी फारशी न तुडवलेली वनस्पती गाठून तिच्यावर निशाण रोवणे प्राप्त आहे. परंतु हे खरे उत्तर समितीपुढे देण्याची वहिवाट नाही. तेथे जागतिक तापमानवाढीपासून प्रारंभ करून, प्लास्टिकच्या भस्मासुरावरून, शेतकऱ्याच्या उत्पन्नवाढीमार्गे मोटारीच्या डॅशबोर्डपर्यंत यावयाचे असते; आणि डॅशबोर्ड आला की समिती समाधान पावते. आजवर या देशात जितके डॅशबोर्ड प्रबंधांतून सुचवले गेले, तितक्या मोटारी रस्त्यावर असतील की नाही याची आम्हांस शंका आहे.

मंजुरी मिळाली आणि चिरंजीव कच्चा माल आणण्यासाठी गावी आले. शिवारातून एक लहानशी मोळी बांधून मोटारसायकलला लावीत असताना पानठेल्यावर बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांस हटकले.

“काय गा, हे पऱ्हाटी कायले नेऊन राह्यला?”

“संशोधनासाठी, काकाजी. याच्यापासून मजबूत फळी बनवतो आहे.”

“मंग पुरा ढीगच ने नं बाप्पा. एवढ्याशा मोळीनं काय होते?”

आपल्या साऱ्या संशोधनास चार-पाच किलो पऱ्हाटी पुरेशी आहे, हे चिरंजीवांनी समजावून सांगितले. आणि ते ऐकताच काकाजींचा या शास्त्रातील रस जो आटला तो आटलाच. तरीही जाता जाता त्यांनी एक प्रश्न टाकला: “पाण्यापावसात टिकन का थे?” हा प्रश्न वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण त्यावर खर्ची पडले.

आता प्रयोगशाळेत जाऊ. पऱ्हाटीची साल सोडवण्यासाठी तिला प्रथम पाण्यात कुजत घालावे लागते. अंबाडीचा वाख काढताना हे काम या भागातील माणसे नाल्यात दगडाखाली पेंढ्या दाबून, एकही संदर्भग्रंथ न चाळता, पिढ्यान्‌पिढ्या करीत आली; प्रबंधात मात्र तेच काम पाण्याचे तापमान, आम्लता आणि कालावधी यांच्या कोष्टकासह, प्लास्टिकच्या बादलीत करावे लागते. वाख निघाला की तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवून काढतात, कारण त्यावरील मेण, डिंक इत्यादी मळ निघून पृष्ठभाग खरबरीत झाल्याशिवाय राळ त्यास धरीत नाही. मग धुणे, मग भट्टीत वाळवणे, मग कात्रीने समान लांबीचे तुकडे करणे. साच्याला आतून मेण चोळावयाचे, दहा भाग इपॉक्सी राळेत एक भाग घट्ट करणारे द्रव्य घालून हलक्या हाताने ढवळावयाचे, तंतूंचा थर पसरून त्यावर ते ओतावयाचे आणि रुळाने दाबीत दाबीत आतली हवा बाहेर काढावयाची. या हवेशी संशोधकाचे हाडवैर असते; एक बुडबुडा जरी आत राहिला तरी तुकडा नेमका तेथेच तुटतो, आणि मिश्रण घट्ट होण्याची घटका भरत आली असताना ज्याच्या कपाळाला घाम आणि हातमोज्याला राळ लागलेली आहे अशा तरुणाच्या फोनवर घरून ‘जेवला का?’ म्हणून विचारणा झाली, तर तो जे उत्तर देतो ते प्रबंधात छापता येत नाही.

दुसऱ्या दिवशी फळी साच्यातून निघते. तिच्यातून मधे बारीक व दोन्ही टोकांना रुंद असे तुकडे कापून ते युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन नामक यंत्राच्या दोन जबड्यांत धरतात. यंत्र सावकाश ओढू लागते, पडद्यावर रेषा चढू लागते, सर्वजण श्वास रोखतात, आणि ‘कट्’ असा आवाज होऊन तुकडा मधोमध न तुटता जबड्यापाशी तुटतो. जबड्यापाशी तुटलेला तुकडा दप्तरी दाखल होत नाही. त्याची साक्ष नामंजूर. पुन्हा साचा, पुन्हा मेण, पुन्हा राळ. त्यात यंत्र एक आणि उमेदवार अनेक असल्यामुळे यंत्रावर पाळी लागण्यासाठी वहीत नाव नोंदवावे लागते, आणि पाळी येते त्या दिवशी वीज जाते. वीज असते त्या दिवशी यंत्र चालवणारा गृहस्थ निवडणुकीच्या कामावर रुजू झालेला असतो.

तंतूंचे प्रमाण दहा टक्के, वीस टक्के, तीस टक्के, चाळीस टक्के असे वाढवीत नेले, की ताकद प्रथम वाढत जाते आणि पुढे, राळ साऱ्या तंतूंना पुरेनाशी झाल्यामुळे, घसरू लागते. ही घसरण बहुधा तिसाच्या पुढे होते. लांबी, प्रमाण, सोड्याची तीव्रता, बुडवण्याचा काळ अशा चार गोष्टी प्रत्येकी तीन-तीन पायऱ्यांनी बदलावयाच्या म्हटल्या तर एक्क्याऐंशी प्रयोग करावे लागतील. परंतु तागुची नावाच्या एका जपानी सत्पुरुषाने अशी कोष्टके करून ठेवली आहेत, की त्यांच्या योगाने नऊ प्रयोगांतच एक्क्याऐंशी प्रयोगांचे पुण्य पदरी पडते. सत्यनारायणाच्या कथेत ऐन प्रसादाच्या वेळी येऊन बसणाऱ्या पाहुण्याची जी सोय असते, तीच ही. आणि विदर्भातील संशोधकवर्गात तागुचींविषयी जी कृतज्ञता आहे, ती त्यांच्या मायदेशी तरी आहे की नाही कोण जाणे.

लेखनाची तऱ्हा निराळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे इतरांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे, त्यापुढे नाही. पण ‘तंतू धुतले आणि वाळवले’ ही हकिकत जगातील शेकडो प्रबंधांत अवतरलेली असल्याने ती सरळ लिहिली की संगणक चोर म्हणून बोट दाखवतो. म्हणून धुणे व वाळवणे या दोन निरुपद्रवी क्रियांना अशा काही शब्दालंकारांनी मढवावे लागते, की स्वतः धुणाऱ्यालाच आपण काय केले याचा उलगडा पडू नये. 2022 च्या नियमांनी या साऱ्या उपद्व्यापाला कमीत कमी तीन आणि अधिकांत अधिक सहा वर्षांची मुदत ठरवून दिली असून, त्यापुढे पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांची मुदतवाढ मागता येते. एवढ्या काळात अल्लीपूरच्या शिवारात पऱ्हाटीच्या आठ पिढ्या उगवून जळून जातात.

या सगळ्याच्या शेवटी हाती येते ती फळी आम्ही पाहिली आहे. मधाच्या रंगाची, एका बाजूने काचेसारखी गुळगुळीत, आत वाखाच्या रेषा तरंगत असलेली अशी ती वस्तू खरोखरच देखणी असते, आणि तिच्या कर्त्याचा चेहरा ती दाखवताना जो उजळतो त्याची थट्टा करण्याचे धैर्य आम्हांस नाही. परंतु हिशेब मांडला तर शंभर भागांपैकी तीस भाग पऱ्हाटी, आणि उरलेले सत्तर भाग इपॉक्सी. इपॉक्सी ही खनिज तेलापासून होणारी, एकदा घट्ट झाली की पुन्हा न वितळणारी आणि जमिनीत न कुजणारी राळ. म्हणजे हा शाश्वत पदार्थ तीस टक्के अल्लीपूर आणि सत्तर टक्के इराणचे आखात आहे. वनस्पतिजन्य राळेवरही काम चालू आहे, नाही असे नाही. पण ती महाग पडते आणि संशोधकाची छात्रवृत्ती वेळेवर येत नाही.

गंमत ही, की या तीस आणि सत्तरांचा निवाडा करून ठेवणारा पुरुष याच जिल्ह्यात राहून गेला. तंजावरला जन्मलेले, लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे काम शिकलेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन परतलेले जे. सी. कुमारप्पा, हे 1934 च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार वर्ध्याच्या मगनवाडीतून पाहत असत. निसर्गाच्या संपत्तीचे त्यांनी दोन भाग पाडले: दरवर्षी नव्याने वाहत येणारी प्रवाहाची संपत्ती, आणि खाणीतून व विहिरीतून उपसली की कमी होत जाणारी कोळशा-तेलासारखी साठ्याची संपत्ती, आणि साठ्यावर उभारलेला संसार माणसांना लढायांकडे नेतो, असे त्यांचे म्हणणे होते. ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा त्यांचा ग्रंथ तुरुंगात लिहिला जाऊन 1945 साली बाहेर पडला, आणि त्याच्या प्रस्तावनेत गांधीजींनी त्यांस ग्रामोद्योगांचा डॉक्टर म्हणून संबोधले. प्रवेशपरीक्षा नाही, समिती नाही, सहामाही प्रगतीचा अहवाल नाही, साम्याचा दाखला नाही. आणि लेखनासाठी लागणारी शांतता सरकारने स्वखर्चाने पुरवलेली. इतकी सुलभ पीएच.डी. नंतर कुणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही.

पऱ्हाटीपासून नव्हे, तरी कापसापासून मोटार करण्याचे धाडस प्रत्यक्ष झालेले आहे. पूर्व जर्मनीतील ट्राबांट या मोटारीचे बाह्यांग पोलादाच्या टंचाईपायी कापसाच्या टाकाऊ तंतूंत फिनॉलची राळ घालून, तापवून, दाबून केलेले असे. 1957 पासून 1991 पर्यंत अशा सुमारे तीस लाख गाड्या निघाल्या; आणि मागणी नोंदवल्यापासून गाडी दाराशी येईपर्यंत दहा-दहा वर्षे लागत असल्याने, आमच्या विद्यापीठांच्या मुदतीशी तिचे काही गोत्र असावे असे वाटते. तिचा पत्रा जनावरे खातात, अशी दंतकथा तिकडे होती. वास्तवात तो इतका अक्षय निघाला, की राजवट कोसळली, भिंत पडली, तरी त्या गाड्यांच्या सांगाड्यांचे काय करावे हा प्रश्न शिल्लक राहिला. इकडे अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी 1940 साली सोयाबीनच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर कुऱ्हाड घालून त्याची मजबुती जगाला दाखवली, पुढल्या वर्षी तसली एक मोटारही प्रदर्शनात मांडली. ती एकच झाली, दुसरी झाली नाही. सोयाबीन आणि कापूस ही दोन्ही पिके अल्लीपूरच्या बांधांवर शेजारी शेजारी उभी असतात, आणि त्यांच्यामधून जाणारी एसटी अद्याप पत्र्याचीच आहे.

ज्यांना कुणी सनद दिली नाही असे संमिश्र पदार्थ मात्र गावात अजूनही सापडतात. तुराट्या किंवा पऱ्हाट्या विणून, त्यांवर भुसा मिसळलेल्या मातीचा लेप देऊन केलेला कूड हा तंतू आणि माध्यम यांचाच संयोग. धान्याच्या कणगीला शेणामातीने लिंपणे हाही तोच. सेवाग्रामला 1936 साली बांबू, माती आणि कवेलू यांनी उभारलेल्या गांधीजींच्या निवासातही दुसरे काही नाही. आमच्या लहानपणी घरोघरच्या आज्या रद्दी कागद भिजवून, कुटून, त्यात मेथ्यांचे पीठ कालवून, पालथ्या भांड्यावर थापून टोपल्या करीत. मेथीचा चिकटपणा हे माध्यम, कागदाचा लगदा हे तंतू, आणि मेथीच्या कडवटपणाने कीड लागत नसे हा अधिकचा लाभ. शंभर भागांपैकी शंभर भाग प्रवाहाच्या संपत्तीतले. ज्या पदार्थासाठी आज अर्ज, मान्यता आणि अनुदान यांची तजवीज करावी लागते, तो करणाऱ्या आजीला दुपारची झोप मोडल्याखेरीज दुसरा खर्च नव्हता. अर्थात एवढ्यावरून संशोधकाला हसणे अन्यायाचे होईल. आजीची टोपली पावसात नेली तर तिचा पुन्हा लगदा होई, कूड दरवर्षी लिंपावा लागे. आणि काकाजींच्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे चोवीस तास पाण्यात ठेवल्यास फळी वजनाने किती वाढते आणि ताकदीने किती उणावते, हे आकड्यांत सांगणारा माणूस तोच एक आहे. तंतूला पाण्याची ओढ, राळेला पाण्याचे वावडे, आणि या दोघांचा संसार टिकवणे हे त्याचे काम. ते त्याने प्रामाणिकपणे केले आहे.

प्रश्न अडतो तो निराळ्याच ठिकाणी. 1924 साली मुंबईत माटुंग्याला स्थापन झालेली कापसाची प्रयोगशाळा, जी आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, तिने पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून, वाळवून, राळ मिसळून आणि तापलेल्या दाबयंत्राखाली दाबून लाकडाच्या तोडीच्या फळ्या काढून दाखवल्या, आणि नागपूरच्या आपल्या केंद्रात त्याचे प्रात्यक्षिक संयंत्रही उभारले. म्हणजे पऱ्हाटीची फळी होते की नाही, याचा निकाल लागून पुष्कळ काळ लोटला. पण हेक्टरी दोन-तीन टन निघणारी ही पऱ्हाटी इतकी पोकळ आणि अस्ताव्यस्त, की बैलगाडी डोंगराएवढी दिसावी आणि काट्यावर चढवली तर वजन जेमतेम भरावे. ती उपटण्यास मजूर लागतात आणि ते त्याच दिवसांत हरभऱ्याच्या काढणीवर गेलेले असतात. शेतातून ती निघते दोन महिन्यांत आणि कारखान्याला लागते बारा महिने. फळीची ताकद मेगापास्कलमध्ये मोजली जाते, गाडीभाडे रुपयांत. आणि दुसऱ्या आकड्यासाठी प्रबंधात प्रकरण नसते.

आमच्या मते पऱ्हाटीची ताकद आता पुरेशी मोजून झालेली आहे. तेव्हा ज्या वाचकाच्या घरी विषयाच्या शोधात फिरणारा अभियंता असेल, त्याने त्यास आमच्या वतीने एवढे सुचवावे, की अल्लीपूरच्या शिवारातली पऱ्हाटी जागच्या जागी दाबून, तिचे गठ्ठे बांधून, कारखान्याच्या फाटकापर्यंत नेण्यास किलोमागे किती पैसे पडतात आणि त्यांतले शेतकऱ्याच्या हाती किती उरतात, यावर एक प्रबंध लिहावा. मोटारीच्या डॅशबोर्डचा उल्लेख केला नाही तरी चालेल. नमुना लागेल तेवढा न्यावा. उपटण्याची मजुरी मात्र संशोधकाने आपल्या पदरची द्यावी.